हिरव्या चौकोनावरचे दोन तास

६ एप्रिल, रविवार

ह्यांनी आज सीमाताईंना ओळखलं नाही!

भोईवाड्याच्या नाक्यावर, अगदी समोरासमोर. हातभर अंतर. त्या हसल्या, आणि हे सरळ पुढे निघाले. मग सीमाताईच बोलल्या — “काय जगदीशदादा, पोरीच्या लग्नाच्या फोटोंची ऑर्डर दिली म्हणून भाव खाताय का?” आवाज आला तसे हे गर्रकन वळले. “अरे, विचारात होतो जरा.”

कसला विचार? बत्तीस वर्षं ह्यांच्याबरोबर चालतेय मी. हे रस्त्यात विचार करत नाहीत, माणसं बघतात. कोणाचं नाक डावीकडून चांगलं, कोणाला खालून घेतलं तर दुसरी हनुवटी दिसते — ह्यांचं सगळं चालणं त्यातच जातं.

मेथी घेतली, घरी आलो.

८ एप्रिल, मंगळवार

चहा बशीत ओतताना बशीच्या बाहेर. या आठवड्यात दुसऱ्यांदा. म्हणे कप गळका आहे. कप गळका नाही. मी पाणी भरून तासभर ठेवून बघितला.

१० एप्रिल, गुरुवार

मुलाने, अमितने, बंगळूरहून पाठवलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आता लिहायला बसले, कारण बोलायचं कोणाजवळ? बोलले की खरं होईल अशी भीती वाटते.

ह्यांना साखर आहे नऊ वर्षं. गोळ्या आठवणीने मी देते, घेतात मनात आलं तर. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर सहा महिन्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. हे हसले. “फोटोग्राफरला डोळे तपासायला सांगतो! माझे डोळे रोज तपासले जातात, गिऱ्हाईक तपासतं.”

दुकानात मी काउंटरवर असते. पासपोर्टचे फोटो कापणं, फ्रेम बसवणं, लग्नाच्या तारखा लिहून घेणं. लग्नात मी फ्लॅशची छत्री धरून ह्यांच्या मागे. म्हणजे ह्यांचं सगळं काम मी ह्यांच्या पाठीमागून बघितलंय. म्हणून तर घाबरलेय.

१५ एप्रिल, मंगळवार

काल बाबासाहेबांची जयंती. मिरवणुकीचे फोटो काढले, दरवर्षीसारखे. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते — कॅमेऱ्याकडे नाही, ह्यांच्या बोटांकडे. उजेड मोजायच्या मीटरकडे हे बघतच नाहीत! अंगठ्याखाली उजेड कमीजास्त करायचं ते गोल चाक आहे ना, ते टकटक करतं. उन्हातून मंडपात गेले की सहा टक एका बाजूला. मंडपातून बाहेर आले की सहा टक परत. रिक्षाचे गिअर टाकावेत तसं.

सकाळी दुकानात फोटो बघितले. एकही चुकलेला नाही. निळे झेंडे निळे, माणसं माणसांसारखी.

जरा जीव भांड्यात पडला. मीच वेडी असेन.

१९ एप्रिल, शनिवार

नाही, मी वेडी नाही.

सीमाताईंच्या प्रितीचं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं आज वरळी कोळीवाड्यात शूटिंग होतं. लग्नाआधीचे फोटो काढायची फॅशनच आहे आता. होड्यांपाशी छान झालं. परत येताना गल्लीत बोंबील वाळत घातले होते दांड्यांवर. हे त्यात सरळ घुसले! चार-पाच बोंबील खाली, एक ह्यांच्या खांद्यावर. ती बाई ओरडली — “डोळे घरी ठेवून आलास काय रे दादा?” प्रिती हसली, तिचा तो हसला, हेही हसले. खांद्यावरचा बोंबील उचलून बाईला परत देत म्हणाले, “हा माझ्याबरोबर यायचं म्हणतोय.”

सगळे हसत होते. मी त्या दांड्यांकडे बघत होते. दुपारचे बारा, लख्ख ऊन, आणि दांड्या माणसाच्या छातीएवढ्या उंच.

२३ एप्रिल, बुधवार

अमितचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आई, घाबरू नकोस. पप्पांना डॉक्टरकडे ने. आणि तोपर्यंत कॅमेरा ऑटोवर टाकायला सांग ना. नवे कॅमेरे हुशार असतात, उजेड स्वतः मोजतात. डोळ्यांचं काम तेच करतात.”

मी आत येऊन, डोळ्यांचं नाव न काढता, एवढंच म्हटलं की अमित म्हणतोय ऑटोवर टाका. झालं! भडका उडाला.

“त्याला काय कळतंय? ऑटो म्हणजे काय माहितेय का त्याला?” माझी पांढरी साडी कपाटातून काढली, दोरीवर टाकली, मला तिच्यापुढे उभी केली, पदरही पांढराच माझ्या डोक्यावरून घेतला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर ती चकती असते, तिच्यावर एक हिरवा चौकोन आहे. तो ऑटो. चकती तिथे फिरवून एक फोटो काढला. मग एम वर, म्हणजे सगळं हाताने करायच्या खुणेवर आणून, टकटक करून दुसरा.

पहिल्यात साडी राखाडी, आणि मी कढईच्या बुडासारखी. नाकडोळे शोधावे लागत होते. दुसऱ्यात साडी पांढरीशुभ्र, आणि मी — मी. सावळी, पण मी. कपाळावरची आठीसुद्धा.

“कळलं? त्या मशिनला वाटतं सगळं जग करड्या रंगाचं आहे. पांढरं जास्त दिसलं की ते घाबरतं आणि सगळ्यावरच काळोख ओततं. दुसऱ्यांच्या लग्नात असतील लाल-पिवळे शालू, तिथे चालून जातं. आपल्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात, टेबलावर पांढरं कापड, मागे पांढरा पडदा. आणि आपली माणसं सावळी. ऑटो साडी वाचवतो, माणूस घालवतो.”

बरोबर होतं ते. बोलताना ह्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी डॉक्टरचं बोलणारच होते ते गिळून टाकलं. उद्या बोलेन.

२४ एप्रिल, गुरुवार

नाही बोलले.

३० एप्रिल, बुधवार

आज बोलले. परळला डोळ्यांच्या हॉस्पिटलात सकाळी नंबर लावायचा, दुपारपर्यंत मोकळे होतो, मी येते बरोबर.

“लग्न होऊ दे,” म्हणाले.

“का?”

म्हणाले, “डॉक्टर काहीतरी नाव देईल. नाव दिलं की भोईवाड्याभर होईल. मग फोटो काढायला कोण बोलावणार आहे? सीमाताईंच्या पोरीच्या बारशाचे फोटो मी काढलेत मालन. हे एक लग्न होऊ दे.”

म्हणजे ह्यांनाही भीती आहे! इतके दिवस मला वाटत होतं मी एकटीच घाबरलेय. आता दोघं आहोत, तर कमी वाटायला पाहिजे. दुप्पट झालीये.

३ मे, शनिवार

उद्या लग्न. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. “दिवा हिरवा झाला का बघ गं,” म्हणाले. जन्मात कधी मला विचारलं नव्हतं.

४ मे, रविवार

काय केलं मी आज. जसं झालं तसं लिहून काढते.

हॉलच्या बाहेर रणरणतं ऊन. नवरदेव उतरला ते फोटो ह्यांनी बाहेर काढले. अकराला आत आलो. स्टेजवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, पांढरी फुलं. मागे पांढरा पडदा आणि त्याच्याही मागे दिव्यांची भिंत. प्रिती पांढऱ्या साडीत आली. सीमाताईंचे डोळे भरलेले. हे पुढे झाले, कॅमेरा डोळ्याला लावला, क्लिक.

मी मागे छत्री धरून. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो उमटला — नुसता पांढरा! प्रिती नाही, स्टेज नाही, काही नाही. कागद कोरा असतो तसा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. आत आल्यावर ह्यांचे टक जास्तच झाले!

मी कानाशी जाऊन म्हटलं, “अहो, बघा ना जरा.” ह्यांनी पडद्याकडे बघितलं. नीट बघितलं. “बरोबर आहे,” म्हणाले.

बौद्धाचार्य माईक हातात घेत होते. आता त्रिशरण, पंचशील, मग प्रतिज्ञा, मग हार. हे परत घडणार नाही. नवराबायकोला “पुन्हा घाला हार, फोटो जळलाय” असं सांगता येतं का? काळा आलेला फोटो थोडाफार उजळता येतो, हे मला दुकानात बसून कळलंय. जळालेला परत येत नाही. त्यात काही उरतच नाही.

ह्यांनी आणखी एक काढला, मग घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितलं. मी पाण्याची बाटली दिली आणि “लेन्स पुसते” म्हणून कॅमेरा हातात घेतला. मधलं बटण दाबून चकती फिरवली. हिरवा चौकोन.

दोन तास हे त्याच्यावर फोटो काढत होते. अंगठा चाकावर टकटक करत होता. ऑटोवर चाकाचा काही उपयोग नसतो. ह्यांना कळलं नाही. जेवणाची पंगत सुरू झाली तेव्हा मी परत एम वर आणून ठेवला.

मागच्या पडद्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. धीरच झाला नाही.

५ मे, सोमवार

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. मी बटण दाबत होते, फोटो पुढे पुढे जात होते. हे बाजूला खुर्चीत.

काळे. सगळे काळे! प्रतिज्ञा — साडी राखाडी, प्रिती म्हणजे पदराखालचा काळा डाग. हार घालताना — दोन हार आणि दोन सावल्या. सीमाताई लेकीच्या गालाला हात लावतायत, कोणाचा गाल आणि कोणाचा हात कळत नाही. मला माहीत होतं असं होणार, ह्यांनी साडी टांगून मला शिकवलं होतं! वाटलं होतं थोडं उजळून घेऊ. पण मागे त्या दिव्यांच्या भिंतीने पार घात केला.

दीड तास. हे नुसती मान हलवत होते. शेवटचा फोटो झाल्यावर उठले, कॅमेरा टॉवेलात गुंडाळला, बॅगेत ठेवला.

“बास आता,” म्हणाले. “झालं माझं.”

६ मे, मंगळवार

दुकानात आले नाहीत. मी एकटीने उघडलं. तीन गिऱ्हाईकांनी विचारलं, दादा कुठे? गावी गेलेत म्हटलं. घरी आले तर हे खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. कॅमेऱ्याची बॅग माळ्यावर टाकलीये, आणि वर गाद्या रचल्यात.

७ मे, बुधवार

सीमाताईंनी फोनवर विचारलं, फोटो कधी? आठवडा द्या म्हटलं.

दिवसभर उजळत बसले. मान मोडली. काही थोडे सावरतायत. प्रितीचं हसू दिसायला लागलंय, पण अंगावर सगळीकडे वाळू सांडल्यासारखे ठिपके. अल्बम होईल कसाबसा. लोक चालवून घेतील, आम्ही काय चीज आहोत ते लोकांना माहीत आहे म्हणून.

८ मे, गुरुवार

आज सगळे फोटो पहिल्यापासून एकेक करून बघितले, वेळ लिहून लिहून. बाहेरचे — बरोबर. आतले पहिले तीन — जळालेले.

आणि चौथा!

चौथा मी त्या दिवशी बघितलाच नव्हता. पाणी मागितलं त्याच्या आधीचा. तो नेमका आहे. साडी पांढरी, काठाची नक्षीसुद्धा दिसते, आणि प्रिती प्रितीसारखी — सावळी, तुकतुकीत, डोळ्यांत पाणी आलेलं. म्हणजे ह्यांना कळलं होतं! तीन चुकले, मग बोटांनी आपणहून टकटक केलं आणि चौथा बरोबर आला. त्याच्यानंतर मी चकती फिरवली. आणि पंगतीचे, मी परत फिरवल्यानंतरचे, तेही बरोबर. पानातला भातसुद्धा पांढरा.

आधीचे बरोबर, नंतरचे बरोबर, मधले माझे.

म्हणजे ह्यांचे डोळे ठीक आहेत! चष्म्याचा नंबर बदलला असेल, एवढंच. दुकानात एकटीच हसले आणि मग एकटीच रडले. एक भीती गेली तिच्या जागी दुसरी आली. हे त्या काळ्या फोटोंकडे दीड तास बघत बसले आणि समजले की आपण संपलो. धडधाकट माणसाच्या हातातून मी कॅमेरा काढून घेतला. आता हे सांगायचं कसं?

१० मे, शनिवार

अठ्ठ्याण्णव साली मी चुकून कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं होतं. आत रोल होता. नायगावच्या एका साखरपुड्याचे छत्तीस फोटो गेले. हे ओरडले नाहीत, हात उगारायचा तर प्रश्नच नाही. अकरा दिवस बोलले नाहीत. ते अकरा दिवस मला अजून तारीखवार पाठ आहेत.

तेव्हा छत्तीस फोटो होते, आणि चूक होती. आता चारशे आहेत, आणि मी ते हाताने केलंय, पाठीमागून. ह्यांच्यावर विश्वास नाही म्हणून.

११ मे, रविवार

भाकरी थापताना सांगणार होते. तोंडापर्यंत आलं. “काय गं?” म्हणाले. मीठ कमी झालंय का विचारलं. माझ्यासारखी भित्री बाई भोईवाड्यात दुसरी नसेल.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

खीर केली. विहारात गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे विहारात मोकळ्या हाताने गेले. सगळे विचारत होते, “दादा, कॅमेरा?” ह्यांनी सांगितलं दुरुस्तीला दिलाय. वंदनेच्या वेळी शेजारी उभी होते मी. पंचशील म्हणत होते, खोटं बोलणार नाही त्या शीलापाशी ह्यांचा आवाज अडकला. माझाही.

ह्यांचं खोटं माझ्यामुळे. उद्या सांगणार. अकरा दिवस नाही, अकरा महिने बोलले नाहीत तरी सांगणार. डोळे चांगले असलेला माणूस मी आंधळ्यासारखा घरात बसवून ठेवणार नाही.

१३ मे, मंगळवार

सांगितलं. जेवणं झाल्यावर, एका दमात. चकती मी फिरवली, हिरव्या चौकोनावर मी टाकला, चेहरे काळे आले ते माझ्यामुळे, तुमचा चौथा फोटो नेमका आहे, तुमचे डोळे ठणठणीत आहेत.

ओरडले नाहीत. म्हणाले, “काळे आलेत?”

“अहो, तुम्हीच बघितलेत ना सोमवारी! दीड तास!”

“चेहरे मला सहा डिसेंबरपासून दिसत नाहीत, मालन. तू बटण दाबायचीस, तशी मी मान हलवायचो.”